उसनी करवली

"हिच्या वेळेस मशीन आलं नव्हतं नाशकात. नायतर ही कशाला राहिली असती?"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. काका ते काकूच्या भावाला म्हणाले, ओट्यावर बसून, बशीतला चहा फुंकता फुंकता. मी दोन पावलांवर कोथिंबिरीच्या ढिगाशी बसून जुड्या बांधत होते. पाहुणे हसले, काका हसले, आणि जरा उशिराने माझे वडीलही हसले.

ते उशिरा हसणं मी पुढे कितीतरी वर्षं उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना हसायचं नव्हतं आणि मोठ्या भावासमोर हसावं लागलं, की विनोद कळायलाच वेळ लागला, ते मला आजही ठरवता येत नाही. पण हसले, हे खरं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मशीन म्हणजे कुठलं, हे मला माहीत नव्हतं. वडील सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवरच होते, त्यामुळे त्या शब्दाची भीती वाटायचं कारण नव्हतं. एवढंच समजलं की काहीतरी वेळेवर आलं नाही, म्हणून मी आले. संध्याकाळच्या लिलावाला माल जायचा होता. मी जुड्या बांधत राहिले.

हे सगळं इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पाढेसुद्धा मी मनात इंग्रजीतच म्हणते. पण काकांना इंग्रजी येत नाही. त्यांना वाचता यावं म्हणून मराठीत लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना नवा चष्मा मिळाल्याचं कानावर आलंय, तेव्हा अडचण येऊ नये.

आमचं घर मखमलाबादच्या रस्त्याला, मळ्यातच. दोन भाऊ, दोन चुली, मधे एक अंगण. मळा काका बघायचे, पालेभाजी आणि हंगामात शेवंती. वडील शिफ्टला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यात राबायचे. काकांना एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. आमच्या चुलीवर मी एकटी. माझ्या बाळंतपणात आईची पिशवी काढावी लागली, त्यामुळे माझ्यानंतर कोणी येणार नव्हतं. आईने याचा राग एकाच पद्धतीने काढला. मुलगा झाला असता तर ज्या शाळेत घातला असता, त्याच शाळेत हिला घालणार, म्हणाली, आणि घातलं. दादा गावातल्या मराठी शाळेत जायचा. त्याला मळा मिळणार होता, इंग्रजीचं त्याला काय काम, असं काकांचं म्हणणं.

शाळेत मला इंग्रजी बोलायची लाज वाटायची आणि घरी मराठी. शेवटी मी दोन्हीकडे गप्प राहायला लागले. काका मला मुकी म्हणत. हाक मारताना, "ए मुके." त्यात दुष्टपणा नव्हता असं सगळे म्हणतात. औषधाच्या बाटल्यांवरचं, खताच्या गोणीवरचं, बँकेच्या कागदावरचं इंग्रजी ते माझ्याकडून वाचून घेत. वाचून झालं की मी तिथेच उभी आहे हे विसरून पुढचं बोलत. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं, असा त्यांचा समज होता. माणूस हुशार होता, भाजीचा भाव सकाळी वास घेऊन सांगायचा, पण ही एक चूक तो वर्षानुवर्षं करत राहिला.

काकांना दुसरा मुलगा हवा होता. एका बैलाने नांगर चालत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादानंतर बरीच वर्षं काहीच झालं नव्हतं, आणि मग त्या दिवाळीच्या आधी काकूला दिवस गेले. काकांनी आईला सांगितलं की मुकीला दवाखान्यात नेतो, तिथला फॉर्म इंग्रजीत असतो. आणि मला म्हणाले, शाळेचा युनिफॉर्म घालून चल. टाय पण लाव. तिथल्या लोकांना कळायला हवं होतं की हे लोक मळ्यातून आले असले तरी घरात इंग्लिश मीडियम आहे.

दवाखाना शहरात होता, एका अरुंद जिन्यावर. बाकड्यांवर सात-आठ बायका बसल्या होत्या. तपासणीआधी पोटभर पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे सगळ्या पाय आवळून बसल्या होत्या. एक म्हणाली, "बाई, माझा नंबर लवकर नाय आला तर इथूनच पाट निघंल." सगळ्या हसल्या, काकू तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसण्याने आणखी पंचाईत होत होती म्हणून पुन्हा हसत होत्या. मला ती खोली आवडली होती, हे लिहून ठेवते.

फॉर्मवर मी काकूचं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. खाली विचारलं होतं, हयात मुलं: मेल किती, फीमेल किती. मेलपुढे एक, फीमेलपुढे शून्य. काउंटरवरची बाई म्हणाली, किती सुंदर हँडरायटिंग आहे गं तुझं.

काकू आत जाऊन आली. मग काकांना आत बोलावलं. मिनिटभरात ते बाहेर आले, फाइल काखेत मारली आणि चला म्हणाले. काकूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. येताना आम्ही तिघं काकांच्या एमएटी मोपेडवर होतो, मी मधे. गंगापूर रोडला एका झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली, फाइल माझ्या हातात दिली आणि वाच म्हणाले.

मी वाचलं. सिंगल, लाइव्ह.

"म्हंजे?"

"एक आहे," मी म्हणाले. "जिवंत आहे."

"ते नको. पोरगं का पोरगी, ते कुठं लिवलंय का बघ. नीट बघ."

मी शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. आकडे होते, आठवडे होते, पाण्याचं प्रमाण होतं, सही होती. ते कुठेच नव्हतं. मी मान हलवली. काका खूश झाले. डॉक्टर शब्दाला जागला, म्हणाले. मला वाटलं, मी चांगलं वाचलं म्हणून खूश झाले. मला नेलं होतं ते फॉर्म भरायला नव्हेच, फॉर्म तर त्या बाईनेही भरून दिला असता. कागदावर काही राहिलं नाही ना, एवढं तपासायला नेलं होतं, हे मला पुढे कळलं. तोवर मी तीन वेळा तपासून दिलं होतं.

चार दिवसांनी काकू माहेरी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. माहेरून येताना ती नेहमी काहीतरी आणायची, चिवडा, पापड, नाहीतर नुसत्या शेंगा. या वेळी रिकाम्या हाताने आली आणि तीन दिवस निजून राहिली. दोन्ही चुलींचं आईनेच केलं. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, पिशवी साफ केली आहे काकूची, तू अभ्यास कर. आईला सगळं माहीत होतं. तिचंही नाव मी या लिखाणातून वगळत नाही.

पुढच्या वर्षी तसंच झालं. तोच जिना, तोच टाय, तेच शून्य. त्या खेपेला काकू बाकड्यावर हसली नाही.

तिसऱ्या खेपेला मी आठवीत होते. मशीन म्हणजे काय ते आता मला ठाऊक होतं. वर्गात मुली कुजबुजत त्यात सगळं येतं. तोवर दवाखान्याच्या भिंतीवर एक पाटी लागली होती, की इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. सवयीने मी ती मोठ्याने वाचली. बाकड्यावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, "ते तपासायला सायेब लोक येतात ना, त्यांच्यासाठी हाय ते. तू फॉर्म भर."

फीमेलपुढे पेन थांबलं. दोन लिहावं असं मनात आलं. हयात नव्हत्या, तरी लिहावं. काय झालं असतं? बाईने खाडाखोड करायला लावली असती, काकांनी घरी येऊन दोन शिव्या दिल्या असत्या. तेवढंही माझ्याने झालं नाही. मी शून्य काढलं, गोल आणि नीट. या गोष्टीत मी कुठे उभी होते हे कोणी विचारलं तर मी तिथे उभी होते.

तिसऱ्या वेळी काकूला खूप त्रास झाला. अंगावरून इतकं गेलं की डॉक्टरांनी बजावलं, आता पुन्हा नको. दुसरा मुलगा राहिला तो राहिलाच. महिन्याभराने ती उठून मळ्यात यायला लागली. एकदा शेवंती खुडताना आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "तीनदा तुला नेलं गं. तुला कळत होतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली. तिने फुलांची पाटी सरकवली आणि म्हणाली, "पहिली तुझ्यासारखी शांत असती. मला आपलं वाटतं."

काकू आता माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. पण त्या दिवशी ती जे बोलली ते ऐकूनच मी ठरवलं की काकांना सोडायचं नाही. काय करायचं ते माहीत नव्हतं. तेरा वर्षांच्या, तोंडातून शब्द न फुटणाऱ्या मुलीच्या हातात असतं काय?

भाऊबीज असते. आमच्या भावकीत सात घरं आणि मुलगे मोजायचे तर अंगण भरायचं. मुली आम्ही दोघीच, मी आणि शेजारच्या मळ्यातली एक. दादाला ओवाळणारी मी एकटी. त्या वर्षी भाऊबीजेच्या सकाळी मी आईला सांगितलं की मला अडचण आली आहे. मग पुढच्या वर्षीही आली. त्याच्या पुढच्याही. राखीला अधूनमधून यायची, भाऊबीजेला न चुकता. असल्या गोष्टीत पुरुष खोलात जात नाहीत आणि बायका लाजतात, त्यामुळे यासारखं खोटं दुसरं नाही. दादा आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसायचा, आणि काकू शेजारच्या मळ्यातल्या मुलीला बोलवायला जायची. तिच्यापुढे तिचे स्वतःचे भाऊ आणि चुलतभाऊ रांगेने बसलेले असायचे. कधी दुपार व्हायची, कधी दिवेलागण. काका अंगणात येरझाऱ्या घालायचे. मी पडद्याआडून बघायचे आणि मला बरं वाटायचं. चांगलंच बरं वाटायचं.

चौथ्या वर्षी दादा आमच्या दाराशी येऊन म्हणाला, "मुके, दर भाऊबीजेलाच कसं काय गं?" हसून म्हणाला, पण कान लाल झाले होते. त्याचा यात काही दोष नव्हता. सूड घेताना मी ते लक्षात घेतलं नाही. पाचव्या वर्षापासून ओवाळायला लागले, आणि त्याने काही विचारलं नाही.

मग वर्षं गेली. मी कॉलेज केलं आणि शहरात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला लागले. दादाने डिप्लोमा केला, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लागला. मळ्याचा एक तुकडा विकून काकांनी बंगला बांधला, वरचा मजला खास सुनेसाठी. आणि सून मिळेना.

असं फक्त आमच्याकडे झालं नव्हतं. भावकीतले ते अंगणभर मुलगे आता मिशा राखून, मोटरसायकली पुसत बसलेले असायचे. दर रविवारी कोणी ना कोणी पांढरा शर्ट घालून मुलगी बघायला निघालेलं. ज्या घरात मुलगी आहे त्या घराची माहिती लोक कांद्याच्या भावासारखी एकमेकांना सांगायचे. माझ्यासाठी स्थळं दारापर्यंत चालत येत. आई त्यांना चहा देऊन परत पाठवायची. मला घाई नव्हती, आणि ते बघायला मजा येत होती.

दादाचा बायोडाटा मी टाइप करत असे. ऑफिस सुटल्यावर. तीन वर्षांत त्याच्या पाच आवृत्त्या झाल्या. उंची एक इंच वाढली, जमीन कमी झाली होती तरी कागदावर वाढली. लग्न जुळवणाऱ्या एक बाई काकांकडे येत, तोंडाच्या फटकळ. एकदा मी समोर बसलेली असताना त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचा जमाना गेला. आता मुलीवाल्यांचा आहे. नणंद नाही हे पहिल्या ओळीत टाका. पोरींच्या आया सगळ्यात आधी तेच विचारतात."

काका म्हणाले, "म्हंजे त्याचा पण फायदाच झाला म्हणायचा."

मी टाइप केलं. बहीण: नाही. चौथ्यांदा मी ते लिहिलं.

मुली बघून आल्यावर काकू आईला सगळं सांगायची आणि मी ऐकायचे. येवल्याकडच्या एका मुलीने काकांना सरळ विचारलं होतं, घरी स्वयंपाकाला बाई आहे का? एका घरी यांना तास-दीड तास बसवून ठेवलं आणि मुलगी मैत्रिणीकडे गेली आहे म्हणून सांगितलं. एका ठिकाणी मुलीच्या मामाने दादाला पगाराची पावती मागितली. काकांनी आयुष्यात कोणाला जबाब दिला नव्हता; आता ते दर रविवारी परक्यांच्या सोफ्यावर गुडघे जुळवून बसत होते. कांदेपोह्यांच्या बशा ते मोजत नसतील, मी मोजत होते. मला प्रत्येक बशीचा आनंद झाला.

एकदा काकांनी वडिलांपुढे साट्यालोट्याचं काढलं. एका घरात मुलगा आणि मुलगी होती. माझ्या बदल्यात त्यांची मुलगी दादाला. ओट्यावरच बसले होते दोघं. या वेळी वडील हसले नाहीत. आई दारातून म्हणाली, "पोरगी आहे भाऊजी, जुडी नाही, एकाच्या पाटीतून दुसऱ्याच्या पाटीत टाकायला." काका उठून गेले. आईला मी त्या दिवशी थोडं माफ केलं.

आणि मग लासलगावकडची ती मुलगी आली. तिचे वडील मार्केट यार्डात मापारी, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर कांद्याचं माप करायचे. तीन मुली, मुलगा नाही. ही मधली, बी.कॉम. झालेली. दादा तिच्याशी अंगणात पंधरा मिनिटं बोलला आणि परत आल्यावर दोन दिवस नीट जेवला नाही. तिकडून होकार आला तेव्हा काकू देवापुढे बसून रडली.

सुपारी फोडायचं ठरलं, मुलीच्या घरी. त्या कार्यक्रमात मुलीला कुंकू लावून साडी देते ती मुलाची बहीण. लग्नात करवली म्हणून हातात कऱ्हा घेऊन मागे उभी राहते तीही बहीणच. काका आमच्या दारात आले. आत आले नाहीत. मला नावाने हाक मारली, बहुधा पहिल्यांदा. म्हणाले, "उद्या बहीण म्हणून तू चल. कुंकू लावायचं, साडी द्यायची. बोलायचं काय नाय. ते तर तुला येतंच."

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर तिथे काही बोलावं असं माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, की बहीण लागते म्हणून काका कसे उसनी घेऊन जातात. तेवढं पुरे होतं मला.

जीपमध्ये मी आणि काकू मागे बसलो. मांडीवर साडीची पिशवी, ती तिने दोन्ही हातांनी धरली होती. निफाड गेल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "आता घरात पोरगी येईल बघ." तिचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मापाऱ्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पुरुष, मधल्या खोलीत बायका. मला मुलीजवळ बसवलं. ती माझ्यासारखीच होती, म्हणजे बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून घेणारी. बायका ताटं मांडायला उठल्या तेव्हा तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, एक विचारू? तुम्ही बहीण आहात म्हणून. आम्ही तिघी झालो म्हणून आईने फार ऐकलंय. मला पहिली मुलगी झाली तर चालेल ना तुमच्याकडे?"

मला उत्तर देता आलं असतं. मान हलवली असती तरी चाललं असतं, कुठल्याही दिशेने. तिने वाट पाहिली. मग तिची आई आली आणि आम्हाला पुढच्या खोलीत नेलं.

पाट मांडला होता. मुलगी पाटावर बसली. मी कुंकवाची कोयरी घेऊन तिच्या बाजूला उभी राहिले. सगळे जमले होते, मापारी, त्यांचे भाऊ, लग्न जुळवणाऱ्या त्या बाई, माझे आईवडील, दादा नव्या शर्टात. मुलीचे वडील काकांना म्हणाले, मुलगी लाडात वाढली आहे, सांभाळून घ्या. प्रत्येक बाप म्हणतो तेच आणि तसंच.

काकांनी घसा साफ केला. लोक ऐकत असले की त्यांचं बोलणं पुस्तकी व्हायचं. म्हणाले, आमच्या घरात मुलीचं फार कौतुक आहे. ही आमची पुतणी बघा, इंग्लिश मीडियमला शिकवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला स्वतःला देवानं मुलगी दिली नाही. ती एक खंत राहून गेली आयुष्यात. आता तुमची हीच आमची मुलगी."

मापाऱ्यांनी डोळे पुसले. बायकांनी माना डोलावल्या. मी काकूकडे पाहिलं. तिने साडीची पिशवी छातीशी घेतली होती आणि ती जमिनीकडे बघत होती. ती ते वाक्य गिळत होती. याआधी किती वेळा गिळलं असेल, मला माहीत नव्हतं. आणि पाटावरची मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत होती, अजूनही उत्तराची वाट बघत असल्यासारखी.

मुलीचा एक काका थट्टेखोर होता. तो म्हणाला, "अहो, करवली आल्यापासून एक शब्द बोलली नाही. खरंच बहीण आहे ना मुलाची, का भाड्यानं आणली?"

सगळे हसले. माझे वडीलही हसले, या वेळी वेळेवर. काका म्हणाले, "ती मुकी हाय आमची. सख्खीच समजा."

मला काकूचं काय होणार ते ठाऊक होतं. दादा पुढे उभा होता, बायको मिळाल्याच्या आनंदात, त्याचंही ठाऊक होतं. मुलीला वाचवावं म्हणून मी बोलले असं लोकांना वाटतं, मी तसं वाटू देते. पण तोंड उघडलं तेव्हा माझे डोळे तिच्यावर नव्हते, काकांवर होते. त्यांचं हसू अजून पुरतं मिटलं नव्हतं.

"मी चुलत आहे," मी म्हणाले. "दादाच्या सख्ख्या तीन होत्या. देवानं दिल्या होत्या. काकांनी ठेवल्या नाहीत."